विजा, कचरा आणि ससा

सॉफ्टवेअरमधले बरेचसे शोध कुणीतरी खूप डोकं चालवल्यामुळे लागलेले असतात. आज ज्याबद्दल लिहितोय तो मात्र पावसामुळे लागला. आणि त्यात डोकं चालवण्यापेक्षा ते मुद्दाम बाजूला ठेवण्याचाच भाग जास्त होता!

तर झालं असं. १९८८ सालचा शरद ऋतू. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचं गाव आहे, तिथल्या युनिव्हर्सिटीत बार्टन मिलर कॉम्प्युटर सायन्स शिकवत होते. एका वादळी रात्री ते घरून डायल-अप मोडेम लावून युनिव्हर्सिटीच्या युनिक्स मशीनवर काम करत बसले होते. (माझ्या वयाच्या मंडळींनी मोडेमचा तो खरखराट फार तर लहानपणी एखाद्या काकाच्या घरी ऐकला असेल.) बाहेर विजा कडाडायला लागल्या की फोनच्या लाइनवर गडबड व्हायची आणि टाइप केलेल्या कमांडमधे भलतीच अक्षरं घुसायची. इथपर्यंत ठीक आहे. लाइन खराब आहे म्हटल्यावर कमांड चुकणारच. मिलरना आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती कचरा अक्षरं मिळाल्यावर युनिक्सचे रोजच्या वापरातले प्रोग्राम "मला हे कळलं नाही" असं सभ्यपणे सांगत नव्हते, सरळ क्रॅश होत होते!

दुसरा कुणी असता तर टेलिफोन कंपनीला चार शिव्या देऊन झोपला असता. मिलरनी त्याचा क्लास प्रोजेक्ट केला. ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या विद्यार्थ्यांना काम दिलं की एक असा प्रोग्राम लिहा जो रँडम अक्षरं ओकत राहील. ती अक्षरं युनिक्सच्या एकेका युटिलिटीला खायला घाला आणि काय होतं ते बघा. प्रोग्रामला नाव दिलं 'फझ'. पास-नापासचा नियमही एकदम सोपा. प्रोग्राम क्रॅश झाला किंवा लटकून बसला तर नापास, बाकी सगळं पास. उत्तर बरोबर आलं का, हे विचारायचंच नाही.

निकाल लागला तो डोळे पांढरे करणारा होता. मिलर आणि त्यांचे विद्यार्थी लार्स फ्रेडरिक्सन आणि ब्रायन सो यांचा पेपर डिसेंबर १९९० मधे छापून आला. जवळजवळ ९० युटिलिटीज, युनिक्सचे ७ वेगवेगळे अवतार, आणि कुठलाही अवतार घ्या, २५ ते ३३ टक्के प्रोग्राम कोलमडलेले. म्हणजे दर चारातला एक! हे कुणा नवशिक्याचे प्रोग्राम नव्हते बरं का. जगभरातले लोक वर्षानुवर्षं रोज वापरत असलेले होते.

आता याचं नवल का वाटावं ते सांगतो. आपण टेस्ट केस कशा लिहितो? दहावीच्या परीक्षेआधी आपण 'अपेक्षित प्रश्नसंच' सोडवायचो ना, तशा. ज्याने कोड लिहिला त्याच्याच डोक्यातून (किंवा त्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यातून) प्रश्न येतात. नाव रिकामं असेल तर? तारीख चुकीची असेल तर? हे सगळे अपेक्षित प्रश्न. पण जी शक्यता कोड लिहितानाच सुचली नाही, ती टेस्ट लिहितानाही सुचत नाही. फझिंगवाला पेपरसेटर अभ्यासक्रमच वाचत नाही. तो डोळे मिटून काहीही विचारतो. म्हणून आपल्याला न सुचलेला प्रश्न त्याच्याकडून चुकून का होईना, विचारला जातो.

तसं म्हटलं तर ही कल्पना अगदी कोरी नव्हती. १९८३ मधे अॅपलमधे मॅकिंटॉश तयार होत असताना स्टीव्ह कॅप्सनी 'मंकी' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो माऊस आणि कीबोर्डच्या खोट्या घटना धडाधड पाठवायचा, जणू एखादं माकडच मशीनसमोर येऊन बसलंय. पण ते एका कंपनीच्या चार भिंतीत राहिलं. मिलरच्या टीमने मोजमाप केलं, क्रॅश का झाले याची कारणं एकेक करून शोधली, आणि टूल्स व निकाल सगळ्यांसाठी खुले ठेवले.

आणि कारणं तरी काय निघाली? पॉइंटर आणि अॅरे यांचा निष्काळजी वापर, फंक्शनने परत दिलेला एरर न तपासणं, आणि इनपुट किती मोठं आहे हे न बघताच ते बफरमधे ओतणं. सी शिकलेल्या प्रत्येकाने फर्स्ट इयरला 'गेट्स' हे फंक्शन वापरलेलं असतं. ते असंच, माप न घेता ओतणारं. गंमत (खरं तर भीषण गंमत) म्हणजे त्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९८८ ला, रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म इंटरनेटवर पसरला. त्याने आत शिरायला जे रस्ते वापरले त्यातला एक होता 'फिंगर' सर्व्हरमधला नेमका हाच 'गेट्स'! म्हणजे मॅडिसनच्या क्लासमधे जो बग 'प्रोग्राम पडला' म्हणून नोंदवला जात होता, तसाच बग बाहेर कुणाच्या तरी हातात कुलूप उघडायची किल्ली झाला होता. हे 'गेट्स' सी भाषेच्या स्टँडर्डमधून अधिकृतपणे हटवलं गेलं ते २०११ मधे. तेवीस वर्षांनी. असो.

इथून पुढे माझा खरा प्रश्न सुरू होतो. युक्ती सोपी, फुकट आणि १९९० पासून छापील. मग पुढची पंचवीस वर्षं सगळ्यांनी ती वापरली का नाही?

एक कारण म्हणजे पुस्तकी टेस्टिंगवाल्या मंडळींनी नाकं मुरडली. स्पेसिफिकेशन कुठाय, मॉडेल कुठाय, नुसता कचरा टाकून बघायला काय अक्कल लागते, असा सूर. पण त्याहून बोलकं काय घडलं ते १९९५ मधे दिसलं. मिलरच्या टीमने तोच प्रयोग पुन्हा केला. सन, आयबीएम, डेक वगैरे बड्या कंपन्यांच्या युनिक्समधे १५ ते ४३ टक्के युटिलिटीज पडल्या. १९९० मधे जाहीर करून ठेवलेले कित्येक बग तसेच्या तसे जिवंत होते! आणि लिनक्स व ग्नूच्या फुकट युटिलिटीज? दहा टक्क्यांच्या आत. ओपन सोर्सवाल्यांनी ही आकडेवारी पुढे बरीच वर्षं अभिमानाने मिरवली, आणि मिरवायला हरकतही नव्हती.

मात्र त्या अभिमानात एक समजूत हळूच मुरली. सोर्स उघडा आहे म्हणजे हजारो लोक तो वाचत असणारच. आपण वाचत नाही, पण दुसरं कुणीतरी वाचतच असेल ना! सोसायटीच्या जिन्यातला दिवा गेला की जसं होतं तसंच. प्रत्येक मजल्यावरच्याला वाटतं की खालच्याने सेक्रेटरीला सांगितलंच असेल.

ही समजूत फुटली ७ एप्रिल २०१४ ला. त्या दिवशी हार्टब्लीड जाहीर झाला.

ओपनएसएसएल ही लायब्ररी म्हणजे ब्राउझरमधल्या त्या छोट्या कुलपामागचं यंत्र. बँका, ईमेल, सरकारी साइट्स, निम्मं जग तिच्यावर चालत होतं. तिच्यात 'हार्टबीट' नावाची एक सोय होती. एक बाजू म्हणणार, "जिवंत आहेस ना? हे घे चार अक्षरं, मला परत पाठव." दुसरी बाजू ती परत पाठवणार. फक्त अक्षरं किती आहेत हे पाठवणाऱ्यानेच सांगायचं आणि ते खरं आहे का हे कुणी तपासायचं नाही! त्यामुळे एक अक्षर पाठवून "हे ६४ किलोबाइट आहेत" असं सांगितलं की सर्व्हर बिचारा स्वतःच्या मेमरीतलं पुढचं जे काही असेल ते भरून परत द्यायचा. त्यात पासवर्ड असू शकत होते, प्रायव्हेट की सुद्धा. मार्च २०१२ च्या रिलीजपासून हा बग उघड्या सोर्समधे उघडाच पडून होता. दोन वर्षं. आणि तेव्हा कळलं की एवढ्या महत्त्वाच्या प्रोजेक्टवर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता आणि वर्षाला देणग्या यायच्या जेमतेम २,००० डॉलर्स.

हा बग दोघांनी स्वतंत्रपणे शोधला. एक गूगलचे नील मेहता आणि दुसरी फिनलंडची कोडनॉमिकॉन ही कंपनी. ही कंपनी आली कुठून? फिनलंडमधल्या ओउलू युनिव्हर्सिटीत १९९९ पासून 'प्रोटोस' नावाचा प्रोजेक्ट चालू होता. नेटवर्क प्रोटोकॉलचे नियम समजून घेऊन मुद्दाम वाकडे केलेले मेसेज पाठवायचे, हे त्यांचं काम. २००२ मधे त्यांनी राउटर आणि स्विच सांभाळायला वापरतात त्या एसएनएमपीमधे असे बग काढले की बहुतेक सगळ्या नेटवर्क कंपन्यांची झोप उडाली. म्हणजे मॅडिसनच्या वादळाचे नातेवाईकच हे.

पण मिलरचा १९८८ चा प्रोग्राम ओपनएसएसएलवर चालवला असता तर हार्टब्लीड सापडला असता का? बहुधा नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत. ती कळली की आजचं फझिंग कसं चालतं हे अर्धं कळलं.

पहिलं कारण. पूर्ण रँडम कचरा फार आत जातच नाही. दारावरचा पहिला 'इफ'च त्याला हाकलतो. फाइलची पहिली दोन अक्षरं चुकली की पार्सर म्हणतो चल फूट, आणि मागचा दहा हजार ओळींचा कोड अस्पर्श राहतो. यावरचा उपाय गाजवला मिहाऊ झालेव्स्की या पोलिश सिक्युरिटी तज्ज्ञाने. २०१३ च्या अखेरीस त्याने एएफएल काढलं. पूर्ण नाव 'अमेरिकन फझी लॉप', ही सशाची एक लांब कानाची जात आहे :) त्यातली कल्पना अशी. प्रोग्राम कंपाइल करतानाच त्यात ठिकठिकाणी खुणा पेरायच्या. मग इनपुटमधे थोडा बदल करून चालवायचं. नवीन वाटेवरची खूण उमटली तर ते इनपुट जपून ठेवायचं आणि पुढचे बदल त्याच्यावर करायचे. नाही उमटली तर फेकून द्यायचं. थोडक्यात आंधळा माणूस काठीने चाचपत वाडा फिरतो तसं, पण सेकंदाला शेकडो-हजारो वेळा.

हे किती चालतं? नोव्हेंबर २०१४ मधे झालेव्स्कीने जेपेग चित्र उघडणाऱ्या प्रोग्रामवर एएफएल सोडलं आणि सुरुवातीला दिली एकच टेक्स्ट फाइल, जिच्यात फक्त 'हेलो' लिहिलेलं होतं. चित्र कसं असतं हे एएफएलला कुणीच सांगितलं नव्हतं. ८ कोअरच्या मशीनवर सुमारे सहा तासांनी त्याने एक वैध जेपेग चित्र बनवलं, ३ पिक्सेल रुंद आणि ७८४ पिक्सेल उंच, कोरं करडं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्षरशः खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो होतो.

दुसरं कारण. हार्टब्लीडमधे प्रोग्राम क्रॅशच होत नव्हता! दुसऱ्याच्या मेमरीत डोकावून तो निवांत पुढे जायचा. मिलरच्या नियमाने हा पठ्ठ्या पास. यावर उत्तर आलं गूगलमधून, अॅड्रेस-सॅनिटायझर, २०१२ मधे. कंपाइलरला एक फ्लॅग दिला की प्रत्येक बफरच्या दोन्ही बाजूंना सुरुंग पेरले जातात. एका बाइटनेही रेषा ओलांडली की प्रोग्राम तिथल्या तिथे आरडाओरडा करून मरतो. वेग साधारण निम्मा होतो, पण चोरून केलेलं वाचनही लपत नाही.

एप्रिल २०१५ मधे, हार्टब्लीडच्या बरोबर पहिल्या वर्षश्राद्धाला, हॅनो बॉक या जर्मन पत्रकाराने ही दोन्ही टूल्स एकत्र लावून ओपनएसएसएलच्या जुन्या व्हर्जनवर चालवली. हार्टब्लीड सापडला. किती वेळात? सुमारे सहा तासांत, साध्या मशीनवर. जगाला दोन वर्षं न दिसलेला बग एका रात्रीच्या झोपेएवढ्या वेळात!

म्हणजे टूल्स होती तेव्हा माणूस नव्हता आणि माणूस होता तेव्हा टूल्स अर्धवट होती. २०१४ नंतर दोन्ही एकत्र आणायचा खटाटोप सुरू झाला. लिनक्स फाउंडेशनने अशा पायाभूत प्रोजेक्टसाठी निधी उभा केला. डिसेंबर २०१६ मधे गूगलने ओएसएस-फझ सुरू केलं. महत्त्वाचे ओपन सोर्स प्रोजेक्ट गूगलच्या मशीन्सवर रात्रंदिवस फुकट फझ होणार, बग सापडला की मेंटेनरला खासगी निरोप, आणि ९० दिवसांनी तो जगाला जाहीर. अगदी सुरुवातीचं उदाहरण फ्रीटाइपचं. स्क्रीनवर अक्षरं रंगवणारी ही लायब्ररी अब्जावर उपकरणांत आहे. तिच्यात एक बदल झाला, काही तासांतच ओएसएस-फझने त्यातला बफर ओव्हरफ्लो पकडला आणि दिवसभरात तो दुरुस्तही झाला. हार्टब्लीडला लागलेली दोन वर्षं आठवा आणि हे बघा.

फ्रीटाइपवरून आठवलं, हा विषय आपल्या लिपीच्या फार जवळचा आहे. फेब्रुवारी २०१८ मधे आयफोनवर एक तेलुगू जोडाक्षर आलं की मेसेजिंग अॅप कोलमडायचं. ते होतं आपल्या 'ज्ञा'सारखंच, ज, हलन्त, ञ, मग एक न दिसणारं कॅरेक्टर, आणि आ ची मात्रा. लोकांनी खोदलं तेव्हा कळलं की देवनागरी आणि बंगालीतही तसं करता येतं. देवनागरीत दुसरं व्यंजन 'र' हवं, म्हणजे क्र, प्र वगैरे. अॅपलने थोड्याच दिवसांत दुरुस्ती पाठवली. पण विचार करा, इंग्रजीत विचार करणाऱ्या टेस्टरच्या 'अपेक्षित' संचात हा प्रश्न कधी आला असता का? जोडाक्षरं जुळवण्याचं हेच काम अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समधे हार्फबझ ही ओपन सोर्स लायब्ररी करते. तिच्या सोर्समधे फझिंगसाठी वेगळा फोल्डर आहे आणि तिचीही ओएसएस-फझवर रात्रंदिवस परीक्षा चालू असते. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर यातलं प्रत्येक जोडाक्षर त्या परीक्षेतून गेलेल्या कोडने जुळवलेलं आहे.

गेले दोन-तीन वीकेंड मी स्वतः हा खेळ करतोय. कॉन्फिग फाइल वाचणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी आहे, तिला फझिंग लावतोय. वाटतं तेवढं अवघड नाही हो. एक फंक्शन लिहायचं, त्याला मिळतात काही बाइट्स आणि त्यांची लांबी. ते लायब्ररीच्या पार्सरला द्यायचे आणि जे मिळेल ते साफ करून परत यायचं. याला म्हणतात हार्नेस. माझा वीस ओळींचा आहे. मग सॅनिटायझरचा फ्लॅग लावून कंपाइल करायचं, प्रोजेक्टच्या टेस्ट फोल्डरमधल्या फाइल्स बियाणं म्हणून द्यायच्या आणि सोडून द्यायचं. (एएफएलचा चालू वारस एएफएल प्लस-प्लस आहे, तोच घ्या.) ओएसएस-फझमधे जायचं असेल तर वर तीनच फाइल्स लागतात, प्रोजेक्टची माहिती, डॉकरफाइल आणि बिल्ड स्क्रिप्ट. पहिला क्रॅश माझा चहा उकळेपर्यंत आला. रात्रभरात सत्तेचाळीस. नीट बघितल्यावर ते चारच बगांचे वेगवेगळे मुखवटे निघाले.

आणि मग खरं काम सुरू झालं. प्रत्येक क्रॅशचं इनपुट लहान करत न्यायचं, कुठली ओळ चुकतेय ते शोधायचं, दुरुस्ती लिहायची, त्या दुरुस्तीने जुन्या युजर्सचं काही मोडत नाही ना ते बघायचं. सत्तेचाळीस क्रॅश शोधायला माझी शून्य मिनिटं गेली, मी झोपलो होतो. चार बग दुरुस्त करायला दोन अख्खे वीकेंड गेले. या इतिहासाची खरी गोम मला इथे कळली. बग शोधणं दिवसेंदिवस स्वस्त होत गेलं, दुरुस्त करणं मात्र १९८८ मधे होतं तेवढंच महाग राहिलं. ऑगस्ट २०२३ पर्यंत ओएसएस-फझच्या मदतीने १,००० प्रोजेक्टमधल्या १०,००० हून जास्त सुरक्षेच्या त्रुटी आणि ३६,००० बग दुरुस्त झाले होते. आकडा अभिमानाचा आहे, पण त्या प्रत्येकामागे एक माणूस आहे, बऱ्याचदा ऑफिस सुटल्यावर लॅपटॉप उघडणारा.

तो माणूस थकला की काय होतं ते एक्सझेडने दाखवलं. फाइल्स कॉम्प्रेस करणारी ही लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. तिच्या थकलेल्या एकट्या मेंटेनरला 'जिया टॅन' नावाने वावरणाऱ्या कुणीतरी वर्ष-दोन वर्षं मदत केली, विश्वास मिळवला. २०२३ मधे त्याने ओएसएस-फझमधे एक्सझेडचा मुख्य संपर्क म्हणून स्वतःला नोंदवलं आणि जुलैमधे एक बदल पाठवून फझिंगच्या बिल्डमधली 'आयफंक' ही सोय बंद करून घेतली. पुढे त्याच सोयीवर त्याचं बॅकडोअर उभं राहिलं! म्हणजे चोरी करायच्या आधी त्याने वॉचमनचीच ड्यूटी बदलून घेतली. २९ मार्च २०२४ ला हे उघडकीला आलं ते कुठल्या फझरमुळे नाही, तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला लॉगिन अर्धा सेकंद हळू का होतंय असा प्रश्न पडला म्हणून.

आणि २०२५ च्या जूनमधे लिबएक्सएमएल-२ च्या बिनपगारी मेंटेनरने जाहीर केलं की सुरक्षेचे बग यापुढे गुप्त ठेवून डेडलाइनवर दुरुस्त करणं जमणार नाही, ते इतर बगांसारखेच वेळ मिळेल तसे होतील. त्याच वर्षी त्यांनी ते कामच सोडलं. मला त्यांचा अजिबात राग येत नाही. त्यांच्या लायब्ररीवर धंदा करणारे आपण सगळे रिपोर्ट पाठवत होतो, पॅच किती जण पाठवत होते?

तेव्हा मंडळी, एवढं वाचून कुणाला फझिंग लावावंसं वाटलं तर जरूर लावा, फार मजा येते. फक्त क्रॅशची फाइल मेंटेनरच्या दारात टाकून पळू नका. एक बग निवडा, त्याची दुरुस्ती लिहा, आणि तिच्यासकट दार वाजवा. माझे चारपैकी तीन पॅच त्या प्रोजेक्टने घेतलेत. चौथ्यावर मेंटेनरशी मेलामेली चालू आहे. तो म्हणतो, एवढी वाकडी फाइल कोण कशाला देईल? मी त्याला मॅडिसनच्या पावसाची गोष्ट लिहून पाठवलीये.